आधी तेलाच्या कॅनवर तारीख टाका: अख्ख्या घराचं वजन उतरवण्याची पद्धत

आमच्या घरात वजन कमी करायचे प्रयोग कायम एकेकट्याने झाले. २०१८ च्या सुमाराला 'दीक्षित की दिवेकर' हा दोन आहारपद्धतींचा वाद लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत रंगला होता, तेव्हा आमच्याकडेही दोन्ही पक्ष एकाच ओट्यावर नांदत होते. दादा दिवसातून दोनदाच जेवणार, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत. वहिनी दर दोन तासांनी थोडं थोडं खाणार. दादाने नऊ किलो उतरवले आणि दीड वर्षात अकरा परत आणले. वहिनीचं दोन किलोंवर अडलं. मी दोघांची गंमत बघत चिवडा खात होतो.

आता मागे वळून बघताना एक गोष्ट लख्ख दिसते. त्या सगळ्या काळात वाण्याची यादी एका अक्षरानेही बदलली नव्हती. पाच लिटरचा तेलाचा कॅन, पाच किलो साखर, फरसाणाचे दोन डबे, चहाबरोबर खारी. एक माणूस डाएटवर आणि बाकी घर नेहमीसारखं, ही व्यवस्था फार दिवस टिकत नाही. डाएटवाल्याचा निग्रह कधीतरी संपतो आणि तेव्हा डबा समोरच असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. आधीच्या फेरीत हेच आकडे साधारण २१ आणि १९ होते. पाच वर्षांत इतक्या माणसांचा निग्रह एकदम ढासळला असेल, हे काही पटत नाही. तेल मुबलक झालं, कामं बसून करायची झाली, खाणं दारात यायला लागलं. म्हणून सुरुवात माणसापासून करू नका, घरापासून करा. पुढचा क्रम आमच्याकडे चुकतमाकत बसवलेला आहे. तुम्ही तो आपल्या घराप्रमाणे हलवा.

पहिली पायरी: काटा राहू दे, टेप काढा

शिवणाच्या डब्यातली टेप पुरते. सरळ उभं राहायचं, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, म्हणजे साधारण बेंबीच्या पातळीवर, टेप गुंडाळायची. भारतीयांसाठी धोक्याची रेष पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर आहे.

पँटच्या मापावर विश्वास ठेवू नका. मी वीस वर्षं '३४ची कंबर' म्हणून मिरवत होतो. कंबर ३४ इंच राहिली होती, कारण पँट दरवर्षी पोटाखाली सरकत होती. टेप लावली तर ९८ सेंटिमीटर भरलं, म्हणजे जवळजवळ ३९ इंच.

बीएमआयही काढून ठेवा: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा २५ चा आकडा ६८ किलोंवरच येतो. 'मी काही तेवढा जाड नाही' म्हणणारे बरेच जण या रेषेच्या पलीकडे असतात.

आणि बीएमआय बरा आला तरी टेप लावाच, याचं कारण पुण्यातून आलेलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! हातपाय काटक्या, पोट मात्र पुढे, आणि कातडीखाली स्नायू कमी, चरबी जास्त, अशी आपली ठेवण आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही याज्ञिकांच्या गटाला हीच ठेवण आढळली. म्हणून 'मी बारीकच आहे, फक्त पोट आहे' हे वाक्य दिलासा म्हणून वापरू नये.

मापं कॅलेंडरच्या मागे लिहा. घरातल्या सगळ्यांची लिहा, आजोबांचीसुद्धा.

दुसरी पायरी: वाण्याची यादी (इथे वेळ घालवा)

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि भूक मारावी लागत नाही.

तेलाचा नवा कॅन फोडाल त्या दिवशी बॉलपेनने त्यावर तारीख टाका. साखरेच्या डब्यावर चिकटपट्टी लावून तेच करा. पहिला महिना काहीही बदलू नका, नुसतं किती दिवसांत संपतं ते बघा. आमच्याकडे चार माणसांत पाच लिटर तेल तीस दिवसांत संपलं. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि यात बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. साखर पाच किलो, म्हणजे माणशी रोज ४२ ग्रॅम. ग्रॅमला ४ प्रमाणे १६५ च्या वर कॅलरी. दोन्ही मिळून पाचशे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे आणि साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे.

आम्ही ठरवलं की तेल तीन लिटर, साखर अडीच किलो. मधे संपलं तर दुसरं आणायचं नाही, उरलेले दिवस त्यात काढायचे. या एका नियमाने माणशी रोज सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी कमी होतात. कागदावर गणित केलं तर वर्षाला दहा किलो होतं. शरीर कागदासारखं वागत नाही, वजन उतरलं की ते खर्चही कमी करतं. पण निम्मं उतरलं तरी पुष्कळ आहे.

तेल कुठून कमी करायचं? पहिलं म्हणजे कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद. छोट्या बरणीत रोजचं तेल काढून ठेवायचं आणि पळीऐवजी पोह्यांच्या चमच्याने घालायचं. चार माणसांच्या सुक्या भाजीला तीन चमचे पुरतात. मोहरी तडतडते, भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजते. वरणाला कढईत फोडणी करायची गरज नाही, लोखंडी कढल्यात एका चमच्यात होते. ज्या रश्श्यात दाण्याचं कूट किंवा खोबऱ्याचं वाटण आहे त्याला स्वतःचंच तेल सुटतं, वरून तर्री कशाला? तळण बंद केलं नाही, नाहीतर घरात बंड झालं असतं. आठवड्यातून एकदा, सगळ्यात छोट्या कढईत. कढई छोटी असली की दोन घाणे झाल्यावर तळणारीचाच धीर सुटतो. आमच्याकडे तळणारा मी आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो.

साखर चहातून. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम, दिवसाचा कोटा चहातच पार. एकदम बिनसाखरेचा करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी टपरीवर सापडाल. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. दीड-दोन महिन्यांत जुना चहा पाकासारखा लागायला लागतो. गुळाचा चहा करून सुटका होत नाही, गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरींत नाव घेण्याजोगा फरक नाही.

खारी, टोस्ट, बिस्किटं, फरसाण यांचा नियम सोपा: घरात साठा नाही. खावंसं वाटलं की उठून दुकानात जायचं आणि लहानात लहान पाकीट आणायचं. शंभर ग्रॅम फरसाण साडेपाचशे कॅलरींच्या आसपास जातं, आणि टीव्हीपुढे डबा घेऊन बसलं की शंभर ग्रॅम कधी जातात कळत नाही. त्या जागी भाजलेले फुटाणे, काकडी, पेरू, किंवा कुरमुऱ्यांची सुकी भेळ, शेव नावापुरती. पाकीट घेताना मागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल तर पुड्यावर 'मल्टिग्रेन' कितीही मोठ्या अक्षरात असो, पाकीट परत ठेवा.

तिसरी पायरी: ताट

आपल्या ताटाची मांडणी मुळात चांगली आहे. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ, मधे पोळी आणि भात. बिघडलंय ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर झाली आणि मधला ढीग वाढला. वाढायचा क्रम उलटा करा: आधी कोशिंबीर आणि भाजी, अर्धं ताट भरेल इतकी, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि उरलेल्या जागेत पोळी किंवा भात. रात्री दोन्ही नको, एकच.

वरण घट्ट का? कारण पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम दोन चमचे. आपण 'वरण खाल्लं' म्हणतो आणि पोटात प्रथिनं जातात नावाला. मूठभर कोरडी डाळ किंवा कडधान्य, साधारण ३० ग्रॅम, यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात तेवढीच. मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, ताक, अंडी, मासे खाणाऱ्या घरात रवा लावून तळलेल्याऐवजी कालवणातला बांगडा. जेवणात प्रथिनं पुरेशी असली की साडेपाचला डबे हुडकावे लागत नाहीत.

भाकरीबद्दल एक गैरसमज काढून टाकू. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठाच्या कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीचा फायदा वेगळा आहे: तिला तेल लागत नाही, चावावी लागते, आणि कोरडी खाता येत नाही म्हणून भाजी जास्त जाते. घडीच्या पोळीत पीठ, आतलं तेल आणि वरचं तूप असे तीन हिशेब असतात. पण दोनऐवजी चार भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारी काही वाचवायला येणार नाही.

चौथी पायरी: उपास, सण आणि मावशी

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने काढली त्याने साबुदाण्याची खिचडी वजनकाट्यावर ठेवली असणार. एका बशीत साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचं कूट आणि तीन चमचे तूप धरा; पावणेपाचशेच्या वर कॅलरी होतात. सोबत बटाट्याचा चिवडा आला तर विचारू नका. उपास करायचाच असेल तर उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक. वऱ्याचे तांदूळ चालतील, आमटीतलं कूट हात राखून. खिचडी आषाढीला खा. प्रत्येक चतुर्थीला, गुरुवारी आणि सोमवारी कशाला?

सणांशी भांडू नका. गणपतीत उकडीचे दोन मोदक तुपासकट खाल्ल्याने कोणी लठ्ठ झालेलं नाही. त्रास होतो तो दिवाळी संपल्यावर पुढचा महिनाभर चाललेल्या फराळाच्या डब्यांनी. आम्ही फराळ निम्मा करतो आणि भाऊबीजेला उरलेला वाटून टाकतो.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे आग्रह. सांगलीच्या मावशीकडे गेलो की ठरलेला संवाद होतो.

"अरे, एवढंच? घे अजून एक पुरणपोळी."

"नको मावशी, झालं."

"तुझे काका खायचे तशा सहा खात होतास. घरचं आहे, त्याने काय होतंय?"

इथे 'डाएट' हा शब्द उच्चारला की हरलात. मावशी त्याला स्वतःच्या स्वयंपाकावरची टीका समजते. दोन उपाय चालतात. पहिल्या वेळी मुद्दाम थोडं वाढून घ्यायचं आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायचं, मागितलं की ती खूश. किंवा सरळ सांगायचं, "दोन डब्यात भरून दे, उद्या खातो." डबा घरी येऊन चौघांत वाटला जातो. आपण यजमान असलो तर ताटात न विचारता वाढायचं नाही, एवढं तरी करता येतं.

पाचवी पायरी: चालणं, आणि खुर्ची

चालून वजन उतरेल ही आशा थोडी आवरा. सत्तर किलोच्या माणसाचा अर्धा तास झपझप चालून १३० ते १५० कॅलरींचा खर्च होतो. वडापाव तीनशेच्या घरात. मैदानावर सकाळी चार फेऱ्या मारून गेटवरच्या गाडीवर वडापाव खाणारी मंडळी रोज दिसतात, त्यांचं खातं तोट्यातच राहतं. तरी चालायचंच, कारण साखर, रक्तदाब, झोप, गुडघे सगळ्यांना त्याचा फायदा आहे आणि उतरलेलं वजन टिकतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. आपल्याकडे शतपावली आहेच. ती शंभर पावलांवर न थांबवता पंधरा मिनिटांची करा. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी उसळते.

बाईमाणसाला सकाळी वेळच नसतो ही खरी अडचण आहे. 'तू पण चालत जा' असं सोफ्यावरून सांगून ती सुटत नाही. रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासली की तिची पंधरा मिनिटं निघतात.

याज्ञिकांचा फोटो आठवत असेल तर हेही पटेल: आपल्यात स्नायूच कमी. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर असलेले स्नायूही जातात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दहा दंड, दोन पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं, अशा तीन फेऱ्या. वीस मिनिटं लागतात. गुडघेदुखी, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून.

सहावी पायरी: पोरं

मुलांना डाएट नाही. वाढत्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं. उंची वाढू द्यायची आणि वजन तिथेच धरायचं, तेही बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यावर बघून. 'जाड्या', 'भोपळा' ही नावं लाडातसुद्धा नकोत. ऐकून मूल लपून खायला शिकतं. डब्यात इन्स्टंट नूडल्सऐवजी थालीपीठ, घावन, अंड्याची पोळी, मोड आलेले मूग.

घराबाहेर मात्र थोडं भांडावं लागतं. शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत जास्त मीठ, साखर, मेदाचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. पालकसभेत हे दोन्ही विचारा. आणि सोसायटीच्या सभेत विचारा, मुलांच्या खेळायच्या जागेत पार्किंगचे पट्टे कधी मारले? आमच्याकडे हा प्रश्न विचारल्यावर दोन वर्षं कुणी नीट बोलत नव्हतं, पण संध्याकाळी सहा ते आठ चार गाड्या हलवायचं कबूल झालं.

सातवी पायरी: डॉक्टरकडे कधी

वजन एकाएकी वाढलं, सारखा थकवा आहे, पाळी अनियमित आहे, घोरणं इतकं की मधेच श्वास अडतो, मानेभोवती काळपट जाड कातडी आली आहे, यातलं काही असेल तर आधी तपासण्या. थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर, चरबी, यकृत, रक्तदाब. स्टेरॉइड आणि मनोविकारांवरची काही औषधंही वजन वाढवतात. ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधीच विचारा, नाहीतर साखर धाडकन खाली येते.

२०२५ पासून टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं भारतात मिळू लागली. ती खरोखर भूक कमी करतात, वजनही चांगलं उतरतं. पण थांबवल्यावर बरंचसं परत येतं, मळमळ-उलट्या होतात, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत. मित्राच्या चिठ्ठीवर नाहीत. 'सात दिवसांत सात किलो'वाली पावडर आणि घाम आणणारा पट्टा यांच्यावर शाई घालवत नाही.

वेळापत्रक

पहिला महिना नुसत्या तारखा आणि मापं. दुसऱ्यात तेल-साखर. तिसऱ्यात ताट आणि शतपावली. खुर्चीचा व्यायाम चौथ्यात. सगळं एका सोमवारी सुरू केलंत तर पुढच्या सोमवारी सगळं एकदम बंद होईल.

काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच कपड्यांत. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर पाण्यानेच किलोभर इकडेतिकडे होतं, घाबरू नका. पाच टक्के, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाला चार किलो, उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांच्यात फरक दिसतो. तीन-चार महिन्यांनी काटा अडतो, सगळ्यांचाच अडतो. तेव्हा जेवण आणखी तोडू नका. कॅनवरच्या तारखा काढून बघा, बहुधा तेल हळूच वर सरकलेलं असतं.

आमच्याकडे कॅनवरून वाद अजून होतात. मागच्या महिन्यात सव्वीस तारखेलाच तळ दिसला. चौकशीत निघालं की दादाने बटाटेवडे केले होते, मोठ्या कढईत. उरलेले चार दिवस भाज्या वाफेवर झाल्या आणि पोळीवर तूपही नव्हतं. पहिल्या तारखेला नवा कॅन आला तेव्हा त्यावर तारीख दादानेच टाकली, आणि छोटी कढई पुढच्या फळीवर आणून ठेवली.